एकीच्या बदल्यात तिघी

मित्रांनो, मला पहिल्यांदा पाहणारी माणसं सहसा दोनपैकी एक प्रश्न विचारतात. हा गरम कढई उतरवायचा आहे का? किंवा, याला धड बोटं का नाहीत? मी दोन्ही प्रश्न मनावर घेत नाही. मी बेसबॉलमधल्या कॅचरचा एक जुना ग्लोव्ह आहे, आणि क्रिकेटवेड्या पुण्यात बेसबॉलचा ग्लोव्ह म्हणून जगायचं तर गैरसमजांची सवय ठेवावीच लागते.

कॅचर म्हणजे कोण, तेही सांगून टाकतो. या खेळात पिचर समोरच्या मातीच्या उंचवट्यावरून सगळा जोर लावून चेंडू टाकते. फलंदाजाला तो मारता आला नाही, तर त्याच्या मागे उकिडवी बसलेली कॅचर तो झेलते. खरं तर झेलतो मी, नाव होतं कॅचरचं. असो.

माझा जन्म जालंधरचा. त्याआधीचं मला धूसर आठवतं. हिरवट पाणी, पाठीवर उभा राहिलेला बगळा, कानापाशी घोंगावणाऱ्या माश्या. मी तेव्हा म्हैस असणार. नंतरचं कातडं कमावणं, कापणं वगैरे मी झोपेतच काढलं. जाग आली ती एका म्हाताऱ्या कारागिराच्या मांडीवर. त्यानं माझ्या तळव्यात जाड गादी भरली, अंगठा आणि पंजाच्या मध्ये चामड्याच्या वाद्यांची जाळी विणली आणि जाळीखाली एक खळगा सोडला. त्या खळग्यात त्यानं दोनदा मूठ आपटली, आवाज ऐकला, मान हलवली आणि मला ढिगावर टाकलं.

पुण्यात मी टिळक रस्त्यावरच्या एका दुकानाच्या काचेमागे दोन वर्षं पडून होतो. चौकशांना कंटाळून मालकांनी माझ्या गळ्यात चिठ्ठी अडकवली होती : 'हा ग्लोव्ह क्रिकेटचा नाही. उगाच हात घालून पाहू नये.' एका सकाळी एक उंच, वाकलेले गृहस्थ आले, त्यांनी चिठ्ठी वाचली आणि सरळ हात घातला. मालक आश्चर्यानं म्हणाले, "नेताय? खरंच नेताय?"

ते हिंमतराव होते. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं धातूचे भाग तपासले होते. लहानशी हातोडी मारायची आणि कान द्यायचा, एवढंच काम. भाग चांगला असेल तर आवाज स्वच्छ येतो, कुठे तडा असेल तर बसका येतो. निवृत्त झाल्यावर त्यांनी खडकीच्या मैदानावर मुलींचा बेसबॉल क्लब सुरू केला आणि तिथेही तीच पद्धत लावली. नवी पिचर आली की हिंमतराव खुर्ची फिरवून तिच्याकडे पाठ करून बसत, डोळे मिटत आणि चेंडू माझ्यात पडल्याचा आवाज ऐकत. चेंडूत जीव असेल तर 'फाट्' असा मोकळा आवाज येई. नसेल तर 'भद्'. दहा चेंडू ऐकून ते निकाल देत, आणि त्यावर कोणी वाद घालत नसे.

तुम्ही म्हणाल, ही कसली परीक्षा? मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण या पद्धतीत मला जो मान मिळाला, तो जगातल्या दुसऱ्या कुठल्या ग्लोव्हला मिळाला असेल असं वाटत नाही. मी मैदानाचा साक्षीदार होतो. माझ्या शब्दावर निकाल लागत.

माझ्यात पहिला हात गेला तो वल्लरीचा. ती बारा वर्षांची होती, सदाशिव पेठेतून सायकल मारत यायची, आणि तिच्या तोंडाला तेव्हाही लगाम नव्हता. दोनच वर्षांनी मांजरीहून शालू आली. तिचे वडील गेनबा उसाची शेती करायचे. ती दोन बस बदलून यायची आणि पहिल्या दिवशी चपला काढून अनवाणीच उंचवट्यावर उभी राहिली.

तिचा पहिला चेंडू मला आजही आठवतो. पांढरा ठिपका धुक्यातून निघाला, मोठा होत होत आला आणि अगदी शेवटी, माझ्यापासून हातभर अंतरावर, थोडासा खाली झुकला. वल्लरीनं मला कसंबसं खाली नेलं. खळग्यात असा आवाज झाला की हिंमतरावांनी पाठ फिरवलेली असतानाही उजवा हात वर केला. बाकीचे नऊ चेंडू त्यांनी ऐकलेच नाहीत.

पुढची वर्षं मला एका लांबलचक सकाळीसारखी वाटतात. खडकी स्टेशनवरून गाडी निघाल्याचा आवाज, कारखान्याचा भोंगा, हिवाळ्यात गवतावरचं दव आणि समोर शालू. ती डावा पाय उचलायची आणि मी जागा व्हायचो. ती आणि वल्लरी दिवसभर एकमेकींशी फारसं बोलत नसत. एक पेठेतली, एक मांजरीची, घरं वेगळी, बोली वेगळी. जे काय बोलायचं ते त्या दोघी माझ्यातून बोलायच्या. शालू रागात असली की चेंडू उजव्या बाजूला यायचा, खुशीत असली की तो शेवटचा झोका जरा मोठा व्हायचा. वल्लरी ते हातानंच ओळखायची. आम्ही शहराचा चषक चार वेळा जिंकलो. एकदा वर्तमानपत्रात शालूचा फोटोही आला. त्यात कडेला माझा अंगठा दिसतो, बाकीचा मी कापला गेलो.

मध्ये दोन वर्षं सगळं जगच बंद होतं. मी हिंमतरावांच्या घरात कपाटाखालच्या पिशवीत पडून राहिलो. पहिल्या पावसाळ्यात मला बुरशी आली, दुसऱ्यात उंदरानं मनगटाकडची एक वादी खाल्ली. त्या दिवसांत मी झोपलो होतो की जागा होतो, नक्की सांगता येणार नाही. स्वप्नात एक मैदान यायचं, त्याला कुंपण नसायचं आणि चेंडू निघालेला असायचा, पण पोहोचायचा नाही. मग एके दिवशी कोणी तरी पिशवीची चेन उघडली. वल्लरी होती. तिनं जुन्या टूथब्रशनं बुरशी घासली, खोबरेल तेल चोळलं, नवी वादी ओवली आणि म्हणाली, "काय अवतार करून घेतलायस!" मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

पण मैदान पूर्वीचं राहिलं नाही. कोणाची लग्नं झाली, कोणी नोकरीला बंगळुरूला गेली. आम्ही दहाच जणी उरलो, आणि पिचर एकटी शालू. गेल्या वर्षी शहराच्या लीगनं नियम केला : पुढच्या मोसमापासून संघात किमान बारा खेळाडू आणि दोन पिचर हव्यात, नाहीतर नाव कमी होईल. मोसमाआधी अदलाबदलीचा एक आठवडा ठेवला होता. त्या आठवड्यात क्लबनी आपसांत खेळाडू द्यायच्या-घ्यायच्या.

त्याच आठवड्यात खराडीच्या एका मोठ्या कंपनीच्या संघाचा व्यवस्थापक आमोद मैदानावर आला. पायात पांढरेशुभ्र बूट, हातात टॅब.

"सर, सिंपल प्रपोजल आहे," तो म्हणाला. "आम्हाला शालू हवी. बदल्यात आमच्या अ‍ॅकॅडमीतल्या तीन मुली देतो. सोळा-सतरा वर्षांच्या आहेत, पण पोटेन्शिअल सॉलिड आहे. दोघी पिचर आहेत. तुमचे बारा होतात, आम्हाला स्टार मिळते. विन-विन!"

"म्हणजे एक नारळ द्यायचा आणि तीन लिंबं घ्यायची," वल्लरी बाजूनं म्हणाली. "आपण मंडईतून आलात का?"

हिंमतराव हसले नाहीत. त्यांनी शालूकडे पाहिलं. "तुझं काय म्हणणं?"

शालू चपलेनं माती उकरत होती. "तुमी म्हणाल तसं, सर," एवढंच ती म्हणाली.

 हिंमतरावांना क्लब जगवायचा होता आणि शालूलाही सोडवत नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. शेवटी ते म्हणाले, "रविवारी त्या पोरींना घेऊन या. मी ऐकतो. आवाज पटला तर अदलाबदल. नाही पटला तर शालू इथेच, आणि क्लबचं व्हायचं ते होईल."

मित्रांनो, आता मी जे सांगणार आहे ते मला भूषणावह नाही.

रविवारी हवेत थंडी होती, धुकं अजून कुंपणाशी रेंगाळत होतं. तीन मुली आल्या. एक वेणीवाली, एक चष्म्याची आणि तिसरी तनया, सगळ्यांत लहानखुरी. चष्म्याची मुलगी मैदानात धावून चेंडू अडवणारी होती. तिची परीक्षा हिंमतरावांनी चेंडू फेकायला लावून लगेच घेतली आणि ती पास झाली. राहिल्या दोघी पिचर. हिंमतरावांनी खुर्ची फिरवली, पाठ केली आणि डोळे मिटले. वल्लरीनं माझ्यात हात घातला. हात घामेजलेला होता. एवढ्या थंडीत!

वेणीवालीचा पहिला चेंडू आला. तो खळग्याकडेच येत होता, मी तयार होतो. अगदी शेवटच्या क्षणी वल्लरीनं मनगट बोटभर वळवलं. चेंडू खळगा चुकवून माझ्या तळव्याच्या कडेवर, जिथे गादी सगळ्यांत पातळ आहे तिथे आदळला. भद्!

मला वाटलं, चुकून झालं. दुसरा चेंडू, पुन्हा बोटभर. भद्. तिसरा. भद्. तेव्हा मला समजलं. कॅचरच्या हातात ही करामत असते, हे आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. हिंमतराव कानानं पिचरला पारखत होते, पण तो आवाज कोणत्या जागेतून काढायचा ते कॅचर ठरवते. अकरा वर्षांत वल्लरीनं हे एकदाही केलं नव्हतं. आणि लक्षात घ्या, तळव्याच्या कडेवर चेंडू घेणं फार दुखतं. प्रत्येक चेंडूला आतली बोटं आखडत होती, तरी तिनं हात मागे घेतला नाही.

तनयाची पाळी आली. तिचा चेंडू वेगवान नव्हता. पण शेवटी, हातभर अंतरावर, तो वळला. खाली झुकला नाही, बाजूला सरकला, जणू वाटेत त्याला काही तरी आठवलं. असा चेंडू मी आयुष्यात झेलला नव्हता. माझी जाळी शहारली. माझ्या मनात आलं, ओरडून सांगावं की हिला घ्या, ही सोनं आहे! पण ग्लोव्हला ओरडता येत नाही. आणि खरं बोलतो, मला ओरडायचंही नव्हतं. मलाही शालूच हवी होती. भद्, भद्, भद्. दहाच्या दहा.

मग हिंमतराव म्हणाले, "शालू, तू एक टाक." शालूनं टाकला. वल्लरीनं मला चेंडूखाली असं अलगद नेलं की 'फाट्' आवाज कुंपणावर आपटून परत आला. हिंमतरावांनी डोळे उघडले.

"नाही जमत, आमोद," ते म्हणाले. "पोरी गुणी असतील, पण चेंडूत जीव नाही."

आमोदनं खांदे उडवले. "तुमचा कॉल, सर." वेणीवाली रडवेली झाली. तनया रडली नाही. ती आपल्या हाताकडे पाहत राहिली, जणू हातानंच तिला दगा दिला होता. ते मला पाहवलं नाही.

मुली फाटकाशी उभ्या असलेल्या त्यांच्या गाडीकडे निघाल्या. वल्लरी मैदानाच्या कडेच्या नळावर गेली. मी तिच्या काखेत होतो. मागून शालू आली.

"हात दाव," शालू म्हणाली.

"कशाला?"

"दाव म्हंते ना."

वल्लरीनं मूठ उघडली. तळव्याची कड लालभडक होऊन सुजली होती.

"मी पिचर हाय, वल्लरी. चेंडू कुठं बसला ते मला लांबनं बी दिसतं," शालू हळू म्हणाली. "का केलंस?"

"का म्हणजे? तू जाऊ नयेस म्हणून. एवढंही कळत नसेल तर धन्य आहे." वल्लरीचा आवाज मात्र फाटला होता.

"मला जायाचं हाय."

नळ तसाच वाहत होता. वल्लरीनं तो बंद केला नाही.

शालूनं मग सगळं सांगितलं. दिवाळीपासून तिचा खांदा दुखत होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, जपून टाकलंस तर दोन वर्षं, फार तर तीन. घरी गेनबा म्हणत होते, या साली खेळ पुरे. खराडीची कंपनी मात्र तिला खेळाबरोबर ऑफिसात कायमची नोकरी देत होती. "खांदा गेला तरी नोकरी ऱ्हाती. पुढं पोरींना शिकवायला बी ठिवत्याल. न्हाईतर मी घरी बसंन, दुसरं काय?"

"मग सरांनी विचारलं तेव्हा बोलली का नाहीस?"

"कसं बोलू? पायात बूट न्हवतं तवा त्यांनी आणून दिलं. त्यांच्या तोंडावर 'मी जाते' म्हनू? वाटलं, सरच 'जा' म्हनतील. त्या पोरी चांगल्या हायत, आवाज पटंल. तू असं करशील हे ध्यानात बी आलं न्हाई."

 वल्लरीनं मला छातीशी धरलं होतं आणि तिचं काळीज किती जोरात धडधडतंय ते मला ऐकू येत होतं. मला वाटतं, त्या घडीला ती शालूला गमावत होती, आणि ते तिलाच स्वतःच्या हातानं करायचं होतं.

ती धावत फाटकाकडे गेली. "अहो आमोद, थांबा! गाडी थांबवा!" मग तशीच परत हिंमतरावांच्या खुर्चीसमोर येऊन उभी राहिली. सुजलेला तळवा त्यांच्यापुढे धरला आणि म्हणाली, "सर, त्या मुलींचा आवाज मी खराब केला. मुद्दाम. पुन्हा ऐका."

हिंमतरावांनी तळवा पाहिला, मग मला हातात घेऊन माझ्या कडेवरून अंगठा फिरवला. तिथे चेंडूच्या शिवणीचे ताजे वण होते. त्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसला.

"माझे कान शाबूत आहेत," ते म्हणाले. "कानांनी मला कधी फसवलं नाही. मी विश्वास ठेवला होता तो तुझ्या हातावर." मग म्हणाले, "महिनाभर मैदानावर पाणी तू मारायचंस. एकटीनं. आता बस खाली."

आणि त्यांनी खुर्ची फिरवली नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते पिचरकडे तोंड करून बसले, डोळे बारीक करून, हात कपाळावर धरून.

सुजलेल्या हातावर मला चढवताना वल्लरीच्या तोंडून 'आई गं' निघालं. तनया उंचवट्यावर उभी राहिली, पण ती घाबरली होती. पहिला चेंडू भलतीकडे गेला. वल्लरी उठली, चालत तिच्यापर्यंत गेली आणि म्हणाली, "चूक माझी होती, तुझी नाही. तुझा चेंडू वळतो, हे तुला कोणी सांगितलंय का?" तनयानं नकारार्थी मान हलवली. "मग मी सांगतेय. टाक."

तिनं टाकला. तो आला, सरकला, आणि मी त्याला खळग्यात घेतलं. फाट्! शालूच्या चेंडूचा आवाज खोल असतो, हा जरा पातळ आणि कोवळा होता. पण तडा नव्हता, कुठेच नव्हता. हिंमतरावांचा उजवा हात वर गेला. वेणीवालीच्या पाचव्या चेंडूला तो पुन्हा वर गेला. अदलाबदल झाली.

जाताना शालू हिंमतरावांच्या पाया पडली. त्यांनी "खांदा शेकत जा" एवढंच म्हटलं आणि तोंड फिरवलं. वल्लरीला तिनं मिठी मारली नाही. तिनं माझ्या खळग्यात आपला उजवा हात ठेवला, मघाशी जिथे तिचा शेवटचा चेंडू पडला होता तिथे, आणि क्षणभर तसाच ठेवला. इतक्या वर्षांत तिचा चेंडूच मला माहीत होता. हात पहिल्यांदाच कळला. उबदार होता.

फेब्रुवारीत त्यांच्या संघाशी आमचा सामना झाला. आमची फलंदाजी होती, म्हणून मी बाकावर पाण्याच्या बाटल्यांशेजारी पडलो होतो. समोर उंचवट्यावर शालू, निळ्या कपड्यांत. आणि बॅट घेऊन उभी वल्लरी. शालूनं डावा पाय उचलला. सवयीनं मी जागा झालो, उघडायला गेलो, मग आठवलं की तो चेंडू आता माझ्याकडे यायचा नाही. तो दुसऱ्या एका ग्लोव्हमध्ये पडला. फाट्. मित्रांनो, तो आवाज मी हजारो वेळा काढला होता, पण तो बाहेरून कसा ऐकू येतो हे मला ठाऊकच नव्हतं. इतका सुंदर असेल असं मला वाटलं नव्हतं. मी चक्क रडलो असतो, पण चामड्याला पाणी सोसत नाही.

दुसरा चेंडूही वल्लरीला हुकला. तिसरा खाली झुकणार, हे तिला माहीत होतं. मलाही माहीत होतं. तिनं बॅट खाली नेली आणि तरीही तो हुकला. तीन हुकले की फलंदाज बाद. शालू हसली, वल्लरीही हसली, आणि बाकाकडे येईपर्यंत तिचे गाल ओले झाले होते.

मित्रांनो, तुमच्याकडेही एखादी जुनी, लाडकी वस्तू असेल. तिला तेल लावा, ओलीपासून जपा, उंदरांपासून तर जपाच. पण जपायचं म्हणून तिला गच्च बांधून ठेवू नका. मिटून ठेवलेला ग्लोव्ह कडक होतो आणि मग त्यात कोणाचाच चेंडू बसत नाही. शालूला धरून ठेवण्यासाठी मी एकदा खोटं बोललो. ते वण अजून माझ्या कडेवर आहेत आणि ते जाऊ नयेत असंच मला वाटतं.

आमची फलंदाजी संपली. वल्लरीनं डोळे पुसून माझ्यात हात घातला आणि फलंदाजामागे उकिडवी बसली. समोर तनया आहे, टोपी सारखी डोळ्यांवर येतेय तिच्या. बाकावर बसलेली शालू तिच्याचकडे बघतेय. तनयानं पाय उचलला. थांबा हं, मला आता उघडायचं आहे.